मालाचा हिशेब ठेवतो, माणसाचा का नाही?

रमजानचा एकविसावा रोजा होता. आपल्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एका शिलाईच्या दुकानात ईदच्या कपड्यांचा ढीग पडला होता आणि आठ वर्षे काम करणारा मुख्य कारागीर त्या दिवशी आलाच नाही. तो समोरच्या गल्लीतील दुसऱ्या दुकानात मशीनवर बसलेला दिसला. मालकाने त्याला नमकहराम ठरवले. गिऱ्हाईकांची बोलणी खाल्ली, निम्म्या कपड्यांचा बयाणा परत केला. ईदनंतर मोहल्ल्यातील दोन वडीलधाऱ्यांनी दोघांना समोरासमोर बसवले, तेव्हा भांडणाचे मूळ कळले. मालकाच्या हिशेबाने कारागिराकडे उचलीचे चौदा हजार बाकी होते. कारागिराच्या हिशेबाने सहा हजार. मालक खोटे बोलत नव्हता आणि कारागीरही खोटे बोलत नव्हता. आठ वर्षांत दोघांपैकी कोणीही काहीच लिहून ठेवले नव्हते.

त्याच दुकानात कापडाच्या प्रत्येक थानाची नोंद होती. कोणत्या गिऱ्हाईकाचे किती मीटर, कोणाचे माप काय, कोणाकडे किती उधारी, हे सारे वहीत होते. अस्तर, काज, बटण यांचाही हिशेब होता. ज्या माणसाच्या हातावर हे दुकान उभे होते, त्याचा हिशेब मात्र कुठेही नव्हता. दुकानाचे आणि गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ही गोष्ट एका दुकानाची नाही. यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी, वणी, पांढरकवडा, कोठेही जा, गॅरेज असो, फर्निचरचा कारखाना असो, बेकरी असो की गादीचे दुकान, चित्र थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

आपला समाज बहुतांशी नोकरीवर जगणारा नाही. २००६ साली सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालात देशातील मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगार करणारे असल्याचे नमूद आहे. म्हणजे आपल्याकडे मालक आणि कामगार ही दोन वेगळी जगे नाहीत. आज जो शागीर्द आहे, तो उद्या स्वतःचे दुकान टाकतो. जो आज मालक आहे, त्याचा मुलगा नागपूरला दुसऱ्याकडे काम करतो. एकाच मशिदीत, एकाच सफमध्ये दोघे उभे राहतात. अशा समाजात मालक-कारागीर यांच्यातील व्यवहार बिघडला, तर धंदा बुडतोच, शिवाय मोहल्ल्याचे मनही फाटते. म्हणून या प्रश्नाकडे केवळ मोठ्या कंपन्यांचा प्रश्न म्हणून पाहून चालणार नाही. ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ हा शब्द आपल्याला परका वाटतो. पण दोन कारागीर ठेवणारा प्रत्येक जण ते व्यवस्थापन रोज करतच असतो. ते चांगले होते की वाईट, एवढाच प्रश्न आहे.

करार आधी, काम नंतर

कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांची मदयनमधील हकिकत आली आहे. त्या हकिकतीत आपल्या विषयाचे सारे मूळ सापडते. मुलगी वडिलांना सुचवते की या माणसाला कामावर ठेवा, कारण कामाला ठेवण्यास योग्य माणूस तो जो बलवान असेल आणि विश्वासूही असेल. वडील मुदत आधीच सांगतात. आठ वर्षे ठरलेली, दहा पूर्ण केली तर ती तुमच्या खुशीने. तुमच्यावर ओझे टाकण्याची माझी इच्छा नाही, हेही ते स्पष्ट करतात. आणि दोघांमधील या करारावर अल्लाहला साक्षी ठेवले जाते.

यात तीन गोष्टी आहेत. निवड नात्यागोत्यावर नव्हे, तर क्षमता आणि सचोटी पाहून. मुदत, मोबदला आणि अटी काम सुरू होण्याआधी ठरलेल्या. आणि सक्तीचे काम कोणते, खुशीचे कोणते, यातील फरक स्पष्ट. आजच्या व्यवस्थापनाच्या जाड पुस्तकांत शेवटी याहून वेगळे काय असते?

आपल्या भागातल्या शेतीतही ही पद्धत अनोळखी नाही. सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, खाडे किती चालतील, हे चार माणसांसमोर बोलले जाते. सालदारकीत अन्याय नव्हता असे कोणी म्हणणार नाही. उचलीच्या ओझ्याखाली पिढ्या गेल्याची उदाहरणे आहेत. तरीपण निदान ठरवण्याचा एक दिवस होता, साक्षीदार होते. आपल्या दुकानांत आणि कारखान्यांत तेवढेही नसते. मुलगा येतो, ‘बघू, काम तर कर, तुला कमी पडू देणार नाही’ असे मालक म्हणतो आणि दहा वर्षे त्या एका वाक्यावर निघून जातात. कमी पडले की नाही हे ठरवणार कोण? ठरवणारा मालकच. असा करार एका तागडीचा असतो, दुसरी तागडी त्याला नसतेच.

कुरआनने मापात मारणाऱ्यांना कठोर शब्दांत ताकीद दिली आहे. स्वतः घेताना पुरेपूर घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी देतात, असे त्यांचे वर्णन आहे. आपण हे धान्याच्या मापापुरते समजतो. सकाळी नऊला आलेल्या कारागिराकडून रात्री नऊपर्यंत काम पुरेपूर घ्यायचे आणि मजुरीच्या वेळी ‘आज गल्ला झाला नाही’ म्हणून निम्मे हातावर टेकवायचे, हे त्याच मापात बसत नाही काय? प्रत्येक व्यापाऱ्याने हा प्रश्न एकांतात स्वतःला विचारावा.

‘घरच्यासारखा’ या शब्दाचा खेळ

आपल्याकडे नोकराबद्दल एक वाक्य नेहमी ऐकू येते. ‘तो आमच्या घरच्यासारखा आहे.’ वाक्य सुंदर आहे. पण ते कधी बोलले जाते, हे पाहा. रात्री उशिरापर्यंत थांबवायचे असेल, सुटीच्या दिवशी बोलवायचे असेल, घरचे गहू दळून आणायचे असतील, तेव्हा तो घरचा असतो. त्याचे मूल आजारी पडले, त्याने पगारवाढ मागितली, की तो लगेच ‘नोकर’ होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हाताखालच्या माणसांना भाऊ म्हटले आहे. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आपण खातो ते त्याला खाऊ घालावे, आपण नेसतो ते त्याला नेसवावे, झेपणार नाही असे काम सांगू नये आणि सांगितले तर स्वतः हातभार लावावा, अशी त्या भावाची व्याख्याही केली. ही व्याख्या पाळायची नसेल, तर ‘घरच्यासारखा’ हा शब्द वापरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

उस्ताद-शागीर्द परंपरेबद्दलही असेच म्हणावे लागेल. ही परंपरा आपली मोठी दौलत आहे. पिंजारी, सुतार, लोहार, शिंपी, मोटार मेकॅनिक, वेल्डर, यांच्यातील शेकडो कारागीर कोणत्याही शाळेविना तयार झाले ते याच परंपरेतून. पण तिला एक कीड लागली आहे. काही उस्ताद हुनर जाणूनबुजून अर्धवट शिकवतात. इंजिन उघडायला शागीर्द, पण टायमिंग लावताना त्याला चहा आणायला पाठवायचे. कटिंगच्या वेळी त्याला काज-बटणाला बसवायचे. भीती एकच, हा शिकला तर समोर दुकान टाकेल. या भीतीने दुकान वाचत नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातून काम बिघडते, ते परत येते, आणि उस्तादाला स्वतः आजारी पडण्याचीही सोय राहत नाही. उलट ज्याचे दहा शागीर्द गावोगाव दुकाने चालवतात, त्याच्याकडे अवघड कामे आपोआप येतात, कारण तेच शागीर्द पाठवतात.

शिकणाऱ्या मुलाचे वय हा वेगळा प्रश्न आहे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच धंद्यांत गुन्हा आहे. स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्यांत मदत करणे तेवढे त्यातून वगळले आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. ‘गरिबाघरचा आहे, चार पैसे मिळतात’ ही सबब आपण फार वर्षे दिली. त्या चार पैशांनी त्या घराची गरिबी पुढच्या पिढीपर्यंत नेली, एवढेच झाले.

काम मोजा, मूड मोजू नका

आता कामाच्या मूल्यमापनाकडे येऊ. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळे खाते असते. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा वणीच्या कोळसा खाणींत काम केलेल्यांना तेथील हजेरी, बढती आणि नोंदींची पद्धत माहीत आहे. आपल्या दुकानांत मूल्यमापन होते ते मालकाच्या मूडवर. गल्ला चांगला झाला, की सगळे शहाणे. गिऱ्हाईक परत गेले, की सगळे नालायक. कारागिराला कळतच नाही की त्याचे काम चांगले आहे की वाईट. ज्याला हे कळत नाही, तो सुधारणार कसा?

याला खर्च लागत नाही. प्रत्येक धंद्यात तीन-चार गोष्टी अशा असतात, ज्या बोटांवर मोजता येतात. शिंप्याच्या दुकानात महिन्याला किती नग झाले, त्यांतले किती अल्टरला परत आले आणि किती ठरल्या दिवशी दिले गेले. गॅरेजमध्ये किती गाड्या झाल्या आणि त्याच बिघाडासाठी किती पुन्हा आल्या. फर्निचरच्या कारखान्यात माल किती वाया गेला. बेकरीत किती घाण्या करपल्या. एक कारागीर दिवसाला सहा नग शिवतो आणि दोन परत येतात. दुसरा पाचच शिवतो आणि एकही परत येत नाही. मूडवर चालणारा मालक पहिल्याला शाबासकी देतो. वही ठेवणाऱ्याला दिसते की पहिल्याचे चारच नग खरे आहेत, वर दोन गिऱ्हाईके नाराज.

मोजमाप ठेवताना दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले, काय मोजले जाणार हे कारागिराला आधी सांगावे. महिनाअखेर वही उघडून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे म्हणजे मूल्यमापन नव्हे. दुसरे, त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीचा दोष त्याच्या माथी मारू नये. वीज गेली, सुटा भाग अकोल्याहून आला नाही, कापडच आटणारे निघाले, यात त्याचा काय कसूर? मशीनला तेल नाही, कात्रीला धार नाही आणि काम मात्र उत्तम हवे, असा हट्ट धरणाऱ्याने आधी स्वतःचे मूल्यमापन करावे.

बोलण्याच्या पद्धतीलाही तितकेच महत्त्व आहे. हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या काळात प्रेषितांनी त्यांना कधी झिडकारले नाही, हे असे का केले, ते का केले नाही, असा जाबही विचारला नाही, असे त्यांनीच सांगितले आहे. आपण तेवढी उंची गाठू शकणार नाही. पण एवढे तर करू शकतो की गिऱ्हाईकासमोर कारागिराला शिवी देऊ नये. ‘ए बारक्या’, ‘ए लंगड्या’ म्हणण्याऐवजी त्याचे नाव घ्यावे. चूक एकांतात सांगावी आणि चांगले काम चारचौघांत सांगावे. आपण बहुतेक वेळा नेमके उलटे करतो. गिऱ्हाईकासमोर कारागिराचा अपमान करणारा मालक असे समजतो की त्याने आपली जबाबदारी झटकली. प्रत्यक्षात गिऱ्हाईकाला एवढेच दिसते की या दुकानात माणसाची किंमत नाही.

उचल: मदत की बेडी?

आपल्या जिल्ह्यात पैसा हंगामाचा आहे. कापूस बाजारात आला की दसरा-दिवाळीपासून हातात पैसे खेळतात. पावसाळ्यात सारे आटते. म्हणून कारागिराला उचल लागते आणि मालक ती देतो. अडल्या वेळी दिलेली उचल ही नेकीच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण अनेक ठिकाणी उचल मदत म्हणून नव्हे, तर माणूस बांधून ठेवण्यासाठी दिली जाते. फिटेल इतकी नव्हे, तर फिटणार नाही इतकी दिली जाते. मग ‘आधी पैसे टाक, मग जा’ हे वाक्य येते. कर्जापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, हे आपल्या किती व्यापाऱ्यांना ठाऊक आहे?

उचलीचा मार्ग सोपा आहे. रक्कम व तारीख दोघांच्या वहीत लिहावी. दरमहा किती कापायचे ते आधी ठरवावे आणि ते इतकेच असावे की उरलेल्या पैशांत त्याचे घर चालेल. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा आदेश सूरह बकरहमध्ये मोठ्या तपशिलाने आला आहे. आपण व्यापाऱ्याशी व्यवहार करताना तो पाळतो, मग कारागिराशी करताना का विसरतो? लिहिण्याने विश्वास कमी होत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या दुकानात आठ वर्षांचा विश्वास तुटला, तो लिहिल्यामुळे नव्हे.

मजुरीच्या वेळेबाबत तर मतभेदाला जागाच नाही. घाम वाळण्याआधी मजुराची मजुरी देण्याची हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. काम पुरेपूर घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असेही सहीह बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. शुक्रवारी जुमाच्या खुत्ब्यात हे ऐकून मान डोलवायची आणि शनिवारी कारागिराला ‘उद्या ये’ म्हणायचे, यातील विसंगती कोणी दाखवण्याची गरज आहे काय?

कायदा काय म्हणतो

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ती फक्त कारखान्यांना आहे असा समज चुकीचा आहे. लहान आस्थापनांतील कामगारांनाही तिचे संरक्षण आहे. रोजंदारीच्या माणसाला पाळी संपताना, आठवड्याच्या हिशेबावर असलेल्याला साप्ताहिक सुटीच्या आधीच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याच्या पगारदाराला पुढील महिन्याची ७ तारीख संपण्यापूर्वी पैसे मिळाले पाहिजेत. काम सोडले किंवा काढून टाकले, तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मालाचे नुकसान झाले म्हणून पैसे कापायचे असतील, तर आधी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. सारख्या कामाला पुरुष आणि स्त्री यांना सारखा मोबदला, हेही त्यात स्पष्ट आहे.

शेवटचा मुद्दा आपल्याला विशेष लागू पडतो. फॉल-पिको, काज-बटण, भरतकाम, पापड, अशी कितीतरी कामे आपल्या माता-भगिनी घरी बसून नगावर करतात. दर व्यापारी ठरवतो, माल परत करण्याचा अधिकारही त्याचाच आणि मजुरी अनेकदा नवऱ्याच्या किंवा भावाच्या हातात दिली जाते. काम जिने केले, मजुरी तिच्या हातात गेली पाहिजे. कुरआनने स्त्रीच्या कमाईवर स्त्रीचा हक्क मान्य केला आहे. आपण त्या हक्काची पावती तिला देत नाही. दुकानात मुली काम करत असतील, तर त्यांच्या इज्जतीची जबाबदारी मालकाची आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी तक्रार समिती नेमणे बंधनकारक केले आहे. त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रियांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील अनेक तरतुदी अगदी लहान दुकानांना लागू होत नाहीत, हे खरे आहे. पण दोन माणसांच्या दुकानाला कायद्याने सूट दिली, म्हणून त्या दोघांचा हक बुडवण्याची सूट मिळाली असा अर्थ होत नाही. कायदा दुकानाचा आकार पाहतो. आखिरतचा हिशेब आकार पाहत नाही.

जीव कोणाचा, जबाबदारी कोणाची?

२०१७ साल आपला जिल्हा विसरू शकत नाही. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, काहींची दृष्टी अधू झाली. सरकारने विशेष तपास पथक नेमले. औषध कोणते होते, मिसळले कोणी, विकले कोणी, पंप कोणता होता, यावर खूप चर्चा झाली. फवारणाऱ्यांनी मास्क, हातमोजे वापरले नाहीत, असाही मुद्दा पुढे आला. पण मृतांमध्ये दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारे मजूरही होते. दिवसाच्या मजुरीवर गेलेल्या माणसाने मास्क आणि हातमोजे स्वतः विकत आणायचे होते काय? ज्याचे काम, त्याने संरक्षण द्यायचे, ही साधी गोष्ट ठरलेली असती, तर काही घरांचे आधार वाचले असते.

हे शेतीचे उदाहरण म्हणून बाजूला ठेवू नका. वेल्डिंगच्या दुकानात डोळ्यांवर काच नाही. जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत नाकाला फडके नाही, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट मोकळी नाही. गादीच्या दुकानात पिंजण्याच्या मशीनचा पट्टा उघडा आहे. महामार्गावरच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली झोपून काम करणाऱ्याच्या वर नुसता जॅक आहे, लाकडी ठोकळा नाही. अपघात झाला की आपण ‘तकदीर’ म्हणतो. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्याला मिळालेली आहे. दोनशे रुपयांचा चष्मा न देणाऱ्याला तकदीरचे नाव घेण्याचा हक्क नाही.

‘परवडत नाही’ हे उत्तर

यावर व्यापारी बंधूंचे उत्तर ठरलेले आहे. बाजार मंदा आहे, कापसाला भाव नाही, मॉल आणि ऑनलाइनवाल्यांनी गिऱ्हाईक नेले, जीएसटीचा हिशेब वेगळा, त्यात हे कुठून परवडणार? त्यांची अडचण खोटी नाही. पावसाळ्यात स्वतः रिकाम्या हाताने घरी जाऊन कारागिराला मजुरी देणारे मालकही आपल्यात आहेत आणि त्यांची कोणी दखल घेत नाही. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींपैकी किती गोष्टींना पैसा लागतो, ते मोजून पाहा. अटी आधी सांगणे, उचल लिहिणे, काम मोजणे, नावाने हाक मारणे, चूक एकांतात सांगणे, पूर्ण हुनर शिकवणे, यातील एकालाही पैसा लागत नाही. मंदीत पगार वाढवता येत नसेल, तर हिशेब समोर ठेवून तसे सांगा. खरे सांगितलेली अडचण माणूस समजून घेतो. लपवलेली अडचण त्याला लबाडी वाटते.

आणि न परवडण्याचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला पाहिजे. शिकवून तयार केलेला कारागीर नागपूर, पुणे, हैदराबादला निघून जातो, तेव्हा त्याच्या जागी नवा तयार व्हायला वर्षे लागतात. ऐन सणात रिकामे पडलेले मशीन, परत केलेला बयाणा, तुटलेले गिऱ्हाईक, हा खर्च वहीत दिसत नाही, म्हणून तो होत नाही असे नाही.

कारागीर बांधवांनाही दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. हक मागणाऱ्याने फर्जही पाळला पाहिजे. मालकाचा वेळ ही अमानत आहे. मालक बाहेर गेला की मोबाइल काढून बसणे, दुकानाच्या गिऱ्हाईकाचे काम परस्पर घरी घेणे, उचल घेऊन हंगामाच्या तोंडावर न सांगता निघून जाणे, यानेही रोजी हराम होते. मदयनच्या त्या हकिकतीत कामगाराचे दोन गुण सांगितले आहेत, बल आणि विश्वासूपणा. पहिला गुण वापरून पगार वाढतो. दुसरा नसेल तर तो टिकत नाही.

करायचे काय, तर आजपासून एवढे तरी. प्रत्येक कारागिराच्या नावाची एक साधी वही घ्यावी. तिच्यात पहिल्या पानावर अटी लिहाव्यात, वेळ, सुटी, पगार किंवा नगाचा दर. पुढे हजेरी, उचल, कपात आणि कामाची मोजणी. तिची एक प्रत त्याच्याकडे. कारागीर निरक्षर असेल, तर त्याच्या विश्वासातल्या माणसाकडून ती त्याला वाचून दाखवावी. महिन्याच्या पहिल्या जुमानंतर अर्धा तास बसून दोघांनी ती पाहावी. आणि ज्या गावात एकाच धंद्याची पाच-दहा दुकाने आहेत, तेथे सर्वांनी मिळून मजुरीचा किमान दर आणि तंटे मिटवण्याची पद्धत ठरवावी. मशीद कमिटीतील जाणत्या माणसांनी यात पुढाकार घेतला, तर अनेक भांडणे पोलीस ठाण्यापर्यंत जाणार नाहीत.

त्या शिलाईच्या दुकानातील वाद वडीलधाऱ्यांनी दहा हजारांवर मिटवला. रक्कम बरोबर होती की नाही, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. मालकाच्या मनात चार हजार बुडाल्याची सल आहे आणि कारागिराच्या मनात चार हजार जास्त दिल्याची. एका वहीची किंमत वीस रुपये असते.